घटना क्रमांक चार हजार तीनशे तेरा

आमच्या ताईची विमा कंपनी यंदाच्या सायबर-जोखीम यादीत चाळिसात छत्तिसावी आली आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ताईचा विभाग बंद झाला.

हे झालेलं नाही. म्हणजे झालं, पण नंतर परिपत्रक निघालं की सदर यादी प्रसिद्धच झालेली नाही आणि ज्यांनी ती वाचली असेल त्यांनी न वाचल्याप्रमाणे वागावं. मी नोकरदार माणूस आहे, परिपत्रक मानतो. तेव्हा वरचं वाक्य तुम्हीही वाचलेलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करू. ताईची कंपनी अजून पस्तिसावी आहे. ताई रोज सकाळी साडेआठला घर सोडते आणि जिन्यातून ओरडते, "गाढवा, गीझर बंद कर!" सगळं कसं छान चाललंय.

मी जिथे काम करतो ती कंपनी तुलना करते. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल, पेन्शन सांभाळणाऱ्या संस्था, अशा एकूण चाळीस. यांच्यापैकी कुणाच्या संगणकात चोर शिरायची शक्यता किती कमी, हे आम्ही शंभरपैकी गुण देऊन सांगतो. दोन दशांश स्थळांपर्यंत. दशांश स्थळं फार महत्त्वाची. नुसतं 'एक्क्याण्णव' म्हटलं की लोक विचारतात, कशावरून? 'एक्क्याण्णव पूर्णांक सदतीस' म्हटलं की गप्प बसतात. हा शोध आमच्या साहेबांचा. ऑफिसात त्यांना सगळे 'दशांश' म्हणतात. लग्नाला किती वर्षं झाली असं विचारलं तर ते "अकरा पॉइंट दोन पाच" सांगतात, आणि सांगताना चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्टसमोर. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेत, कारण झाडायला येणाऱ्या बाई दर महिन्याला बदलतात आणि प्रत्येकीला सांगत बसायला कुणाला वेळ नाही. आत तेरा टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर मोठं पोस्टर: 'सुरक्षा ही सवय आहे.' पोस्टरचा एक कोपरा सुटलाय. तो मी येण्याच्या आधीपासून सुटलेला आहे.

तुलना करायची पद्धत सोपी. आम्ही दोनशे बारा प्रश्नांचा फॉर्म पाठवतो. संस्था तो भरतात. उत्तर 'होय' असेल तर गुण, 'नाही' असेल तर नाही. उत्तराच्या पुढे कुणी काही खुलासा लिहिला तर तो आम्ही वाचत नाही. वाचला तर गुण द्यायला त्रास होतो. मी एकदा दोन-तीन खुलासे वाचले होते. 'तुमच्याकडे बॅकअपची सोय आहे का?' या प्रश्नाला एका शेअर दलालाने लिहिलं होतं, 'होय. व्यवस्थापक रजेवर गेले की उपव्यवस्थापक असतात.' पूर्ण गुण. एका पेन्शन संस्थेने लिहिलं होतं, 'आमची यंत्रणा इतकी जुनी आहे की ती कशी चालते हे आम्हालाच माहीत नाही, तर चोराला काय कळणार?' साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी 'हल्लेखोरास अपरिचित तंत्रज्ञान' असा वेगळा रकाना काढून तिला दोन गुण जादा दिले.

आता प्रश्न अठ्ठावन्न. या गोष्टीत बाकी दोनशे अकरा विसरलात तरी चालतील.

'गेल्या वर्षभरात आपल्या संस्थेने किती सुरक्षा-घटना नोंदवल्या?' दर घटनेमागे शून्य पूर्णांक शून्य एक गुण वजा. साहेबांचं म्हणणं असं की जिथे चोऱ्या कमी तिथे सुरक्षा जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेंबड्या पोरांनाच ते कळतं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेने तिथे शून्य लिहिलं होतं. सलग तिसऱ्या वर्षी. मला वाटलं टाइप करताना काही राहिलं असेल, म्हणून फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याचा आवाज अगदी तुपातला होता.

"घटना शून्य?" मी विचारलं.

"शून्य."

"एकही नाही? कुणी खोटी मेल पाठवली, कुणाचा पासवर्ड गेला, असं काहीच नाही?"

"नोंद नाही."

"नोंद कोण करतं तुमच्याकडे?"

"ते पद तीन वर्षांपासून रिकामं आहे."

"मग नोंद होणार कशी?"

"म्हणून तर शून्य," तो म्हणाला आणि मी मठ्ठ आहे हे मनावर न घेता त्याने माझे आभार मानले.

बँक पहिली. अठ्ठ्याण्णव पूर्णांक पन्नास.

आता ताई. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि माझ्याबद्दल तिचं मत त्याहून जुनं. एका मध्यम आकाराच्या विमा कंपनीत ती सुरक्षा अधिकारी आहे. सहा वर्षांपूर्वी कंपनीने तिला स्वच्छतागृहाच्या शेजारी एक टेबल दिलं आणि सांगितलं, हा तुमचा विभाग. आज त्या विभागात ताई, हाताखाली तिघं, संगणकांचे सहा पडदे आणि दार आहे. दार तिने स्वतः भांडून बसवून घेतलंय. तिथे येणारी प्रत्येक संशयास्पद मेल, प्रत्येक चुकीचा पासवर्ड, कँटीनमध्ये सापडलेला प्रत्येक बेवारस पेन ड्राइव्ह यांची नोंद होते: तारीख, वेळ, कोण, काय केलं.

घरीही तिचा हाच खाक्या. ती आम्हाला परीक्षा म्हणून खोट्या मेल पाठवते आणि कोण फसतं ते बघते. आई 'अभिनंदन, तुम्हाला मिक्सर लागला आहे' या मेलला तीनदा फसली. तिसऱ्या वेळी ताई चिडली तेव्हा आई म्हणाली, "तुझीच आहे हे मला ठाऊक होतं गं. पण न जाणो, एखादी खरी असली तर?" घरच्या यादीत बाबा एकसष्ट, मी चौतीस आणि आई अकरा. आईला शून्य न मिळण्याचं कारण असं की दोनदा ऐन वेळी तिला स्वतःचाच पासवर्ड आठवला नाही.

माझी बहीण यादीतल्या एका कंपनीत आहे हे मी नोकरीला लागतानाच जाहीर केलं होतं. हितसंबंधांचं काम बघणाऱ्या बाई आमच्याकडे स्टेशनरीचंही बघतात. त्यांनी मला रिफिल देता देता नियम समजावला.

"या विषयावर बहिणीशी थेट बोलायचं नाही."

"बाई, आम्ही एकाच घरात राहतो."

"थेट, म्हटलं मी," बाई म्हणाल्या. "सही करा. रिफिलचीही करा."

तेव्हापासून या विषयावर मी आणि ताई बाबांमार्फत बोलतो. बाबा पाणी खात्यात मीटर बघायला होते. तेहतीस वर्षं लोकांच्या दारात उकिडवे बसून त्यांनी आकडे वाचले. त्यामुळे मध्यस्थी करताना त्यांचा चेहरा कोरा असतो.

फॉर्म भरायची मुदत संपायला चार दिवस होते. आम्ही जेवायला बसलो होतो.

"बाबा," मी म्हणालो, "तुमच्या मुलीला विचारा, अठ्ठावन्नाव्या प्रश्नाला तिने काय आकडा टाकलाय."

बाबांनी मान वळवली. "अगं, हा विचारतोय—"

"ऐकू आलं मला. चार हजार तीनशे बारा."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "चार हजार—"

"बाबा, मलाही ऐकू आलं," मी म्हणालो आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई!" आई म्हणाली. "एवढे चोर येतात तुमच्याकडे? दुसरी नोकरी बघ तू आधी."

"आई, सगळीकडे तेवढेच येतात. आम्ही मोजतो."

"मग नका ना मोजू!"

ताईने पानावरून हात काढला, पर्समधून एक कागद काढला आणि तो बाबांच्या पुढ्यात ठेवला. म्हणजे माझ्या. पत्र तिच्या कंपनीच्या अध्यक्षांचं होतं. यंदाच्या यादीत कंपनी तळाच्या पाचांत आली तर सुरक्षा विभाग बंद करण्यात येईल व सदर काम बाहेरच्या ठेकेदारास देण्यात येईल. ठेकेदाराचं नाव आधीच ठरलेलं होतं. त्याच्या माहितीपत्रकावर ठळक लिहिलं होतं: 'आमच्या ग्राहकांकडे आजवर नोंदवलेल्या घटना: शून्य.'

नियमाप्रमाणे मी काही सांगू शकत नव्हतो. म्हणून बाबांना सांगितलं.

"बाबा, एक गंमत सांगतो. समजा, एखाद्या कंपनीने बाकी दोनशे अकरा प्रश्नांत पैकीच्या पैकी मिळवले आणि अठ्ठावन्नमध्ये चार हजार तीनशे बारा लिहिले. तर तिला मिळतात छप्पन्न पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. फॉर्म शुक्रवारपर्यंत दुरुस्त करता येतो. आकडा थोडा कमी केला तर कुणी बघायला येत नाही."

"बाबा, त्याला सांगा," ताई म्हणाली, "की झालं ते झालं. मी त्यातलं कुठलं पुसू? हिशेबातल्या बाईंच्या नावाने पैसे मागणारी मेल पुसू? की आमच्या अध्यक्षांनीच दोनदा मिक्सर जिंकलेला पुसू?"

"त्यांनाही लागला?" आईने उत्सुकतेने विचारलं.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडे एक गल्ली होती. सतरा घरांचे मीटर बंद. दर महिन्याला वापर शून्य. पण आम्ही त्यांना काटकसरी म्हणत नव्हतो रे. मीटर बदला म्हणून नोटीस काढायचो."

हे मला इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मीटरचं सगळं सांगितलं. साहेबांनी ते मन लावून ऐकलं. ऐकताना ते नेहमी पेनाचं टोपण उघडझाप करतात. नऊ वेळा केलं.

"म्हणजे ज्याच्या घरी जास्त चोर, त्याला जास्त गुण द्यायचे, असं तुझं म्हणणं?"

"नाही सर. ज्याला चोर दिसतात त्याला."

"दिसणं मोजता येत नाही. चोर मोजता येतात."

"पण न दिसलेला चोर कसा मोजणार?"

"शून्य धरायचा," साहेब म्हणाले. "हे बघ, तुझी बहीण तिथे आहे, मला ठाऊक आहे. भावना मी समजू शकतो. पण भावनेला दशांश स्थळ नसतं. पद्धत बदलायची तर तुलना समितीकडे अर्ज कर. चाळीसही संस्थांची लेखी संमती लागते."

"समितीचा अध्यक्ष कोण?"

"पहिल्या क्रमांकाची संस्था असते दर वर्षी. ती बँक."

मी बाहेर आलो. शुक्रवार उलटला, ताईने आकडा बदलला नाही. गुणांची बेरीज झाली तेव्हा तिची कंपनी पस्तिसावी निघाली. छप्पन्न पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. तिच्या खाली छत्तिसाव्या जागेवर ते उपव्यवस्थापकवाले शेअर दलाल होते, छप्पन्न पूर्णांक सत्त्याऐंशी. त्यांच्या घटना शून्य होत्या, पण अर्धे प्रश्न त्यांना समजलेच नव्हते म्हणून कोरे सोडले होते. मला हायसं वाटलं. शतांश फरकाने का होईना, ताई वाचली होती. त्या दिवशी मी घरी जाताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम नेलं. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "असंच." ताईने माझ्याकडे पाहिलं, आइस्क्रीमकडे पाहिलं आणि नियम पाळला.

यादी प्रसिद्ध करण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक संस्थेला तिची उत्तरं आणि गुण तपासायला पाठवायचे. पूर्वी चाळीस वेगळ्या फाइली जायच्या. एका वर्षी त्यातल्या एकीत बेरीज चुकली. तेव्हा चूक पुन्हा होऊ नये म्हणून साहेबांनी नियम केला: फाइल एकच. तिच्यात क्रमवारीने चाळीस रकाने. ज्या संस्थेला पाठवायची तिचा रकाना ठेवायचा आणि बाकीचे एकोणचाळीस लपवायचे. पुसायचे नाहीत हं, लपवायचे. लपवलेला रकाना परत दिसायला माउसची दोन बटणं दाबावी लागतात आणि एवढी चिकाटी आजकाल कुणाकडे असते, असं साहेबांचं मत आहे. शिवाय फाइलला पासवर्ड असतो. पासवर्ड त्याच मेलमध्ये दुसऱ्या ओळीत दिलेला असतो. सोयीसाठी.

हे काम तीन वर्षं मीच करत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. घरच्या यादीत मला चौतीस उगाच नव्हते मिळाले.

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला मी चाळिसावी मेल पाठवली आणि चहा घ्यायला उठलो. अकरा शेहेचाळीसला टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार," पलीकडून ताईचा आवाज आला, पण इस्त्री केलेला. "मी विमा कंपनीच्या सुरक्षा विभागातून बोलतेय. आपल्याकडून आमच्याकडे चाळीस संस्थांची गोपनीय उत्तरं आली आहेत."

"ताई, तुझी एकटीचीच—"

"आपण मला ताई म्हणू नये. या संभाषणाची नोंद होत आहे. रकाने लपवलेले आहेत. आमच्या यंत्रणेने ते आपोआप उघडून दाखवले. कोणत्या बँकेत कुठलं दार उघडं आहे, हे त्यात क्रमवार लिहिलंय. हीच फाइल बाकीच्यांनाही गेली का?"

"हो," मी म्हणालो.

"मग आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा. फाइल नष्ट करायला सांगा. आणि उघडली होती का, ते लेखी मागवा. आम्ही आमच्याकडे घटना नोंदवलेली आहे. क्रमांक चार हजार तीनशे तेरा." मग आवाजाची इस्त्री मोडली. "आणि येताना ब्रेड आण."

मी एकोणचाळीस मेल पाठवल्या. सायंकाळपर्यंत उत्तरं आली ती अशी: अकरा जण रजेवर असल्याचं त्यांच्या संगणकाने कळवलं. शेअर दलालांच्या उपव्यवस्थापकांनी लिहिलं, 'फाइल फारच माहितीपूर्ण आहे. आभार.' मोठ्या बँकेने लिहिलं, 'आमच्याकडे घटना शून्य.' बाकीच्यांनी काहीच लिहिलं नाही.

मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. साहेबांनी टोपण बंद केलं.

"तक्रार किती जणांनी केली?"

"एकीने."

"चाळिसात एक. दोन पूर्णांक पन्नास टक्के. म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के ठिकाणी ही घटना घडलेलीच नाही." ते एकदम मोकळे झाले. "एवढा घाबरला होतास? बस, चहा घे. फक्त एक बघ. त्या विमा कंपनीने नोंद केलीय ना? मग तिचा आकडा बदलला. वजा कर."

"सर?"

"शून्य पूर्णांक शून्य एक. नियम म्हणजे नियम. तपासणीच्या मुदतीत कळलेली घटना धरावी लागते."

"पण सर, चूक आपली आहे!"

"आपल्यासाठी प्रश्न अठ्ठावन्न नाही," साहेब म्हणाले. "आपण फॉर्म भरत नाही, पाठवतो."

मी वजा केलं. छप्पन्न पूर्णांक सत्त्याऐंशी. बरोबरी झाली. बरोबरी झाली तर ज्याच्या घटना कमी तो वर, असा नियम आहे. शेअर दलाल पस्तिसावे झाले. ताई छत्तिसावी झाली. एका शतांशाने. माझ्या शतांशाने.

ब्रेड घेऊन घरी आलो. बाबा पेपरातलं कोडं सोडवत होते. ताई समोर बसून पायांना तेल लावत होती.

"बाबा," मी म्हणालो, "हिला विचारा, फाइल उघडली तेव्हा पस्तिसावा रकाना पाहिला का."

"पाहिला," ताई म्हणाली.

"आणि छत्तिसावा?"

"तोही पाहिला."

"मग हिला कळलं असेल की एक नोंद वाढली तर—"

"कळलं."

बाबांना मान इकडून तिकडे न्यायला वेळच मिळत नव्हता. त्यांनी पेन्सिल कोड्यावर ठेवली.

"मग नोंद केलीस कशाला?" मी ओरडलो. नियम गेला खड्ड्यात. "सहा वर्षं त्या संडासाशेजारच्या टेबलापासून तू हे उभं केलंस! मला नुसता फोन करायचास. मी गुपचूप निस्तरलं असतं."

"तू?" ताई म्हणाली. तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते नीट लागलं का ते उलटं करून बघितलं. "गाढवा, तुझ्यासारखी शंभर माणसं रोज काहीतरी पाठवतात आणि मग गुपचूप निस्तरतात. आमची पोरं नवी आहेत. त्यांनी पडद्यावरचा तो लाल दिवा माझ्याआधी पाहिला होता. माझ्या तोंडाकडे बघत होती तिघंही, की बाई आता काय करतात. आपल्या भावाचं आहे म्हणून मी तो विझवला असता, तर उद्या त्यांनी कायकाय विझवलं असतं?"

आई आतून म्हणाली, "ब्रेड कालचा आहे हा. तारीखसुद्धा बघून आणत नाहीस."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता यादी प्रसिद्ध झाली. सव्वा अकराला पहिल्या क्रमांकाच्या बँकेचे सगळे पडदे काळे झाले. त्यांची इमारत आमच्या खिडकीतून दिसते. बारापर्यंत बाहेर रांग कोपऱ्यावर वळली. दारावर चिकटपट्टीने कागद लावला होता, 'यंत्रणा नियोजित विश्रांती घेत आहे.' रांगेतला एक माणूस दार वाजवत होता आणि सुरक्षारक्षक आतून काचेवर त्याला यादी दाखवत होता: आम्ही पहिले आहोत.

बँकेत कुणी काय शिरवलं, कुठून शिरवलं, कुणाकडच्या फाइलीत त्यांचं उघडं दार वाचून शिरवलं, हे आजवर कळलेलं नाही. नोंद करणारं पद रिकामं आहे.

दोन वाजता ताईच्या अध्यक्षांनी तिला बोलावून पत्र दिलं. तीन वाजता आमचं परिपत्रक निघालं. समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे त्याच बँकेच्या, विनंतीवरून यादी मागे घेण्यात आली, तीही अशा रीतीने की ती कधी पुढे आलीच नव्हती. मला वाटलं, सुटलो! मी परिपत्रक हातात घेऊन रिक्षाने ताईच्या ऑफिसात गेलो. ताई खुर्चीवर उभी राहून दाराच्या बिजागऱ्या काढत होती. दार तिच्या पैशांनी बसवलेलं होतं.

तिथले अध्यक्ष सद्गृहस्थ होते. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं.

"यादी नाही, हे मान्य," ते म्हणाले. "पण क्रमांक आम्हाला कळला ना?"

"साहेब, जी यादीच नाही तिच्यात क्रमांक कुठून आला?"

"तेच तर गंभीर आहे," अध्यक्ष म्हणाले. "आणि ठेकेदाराशी करार झालाय. ते लोक उत्तम आहेत. सकाळपासून आलेत, अजून एकही घटना नाही."

तिघं पोरं भिंतीला टेकून उभी होती. सहाही पडद्यांवर लाल दिवे लुकलुकत होते. ठेकेदाराच्या माणसाने ते शांतपणे एकेक करून बंद केले.

त्यानंतर आमच्याकडे चौकशी झाली. फाइल बाहेर गेल्याचा पुरावा एकाच वहीत होता, ती वही ज्या विभागाची तो विभाग आता अस्तित्वात नाही, तेव्हा फाइल बाहेर गेलेली नाही असं ठरलं. चाळीस मेल एका सकाळीत वेळेवर पाठवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी घरी आणलं नाही. टेबलाच्या खणात उलटं ठेवलंय.

मी साहेबांना सांगितलं, मला कबुली द्यायची आहे. साहेब म्हणाले, "कसली?" मी म्हणालो, फाइल मी पाठवली याची. साहेब म्हणाले, कबुलीसाठी घटना लागते, घटनेसाठी नोंद लागते. फारच वाटत असेल तर समितीकडे अर्ज कर, तीन प्रतींत, समास सोडून. ताईला विचारलं तर म्हणाली, "कर. पण खरं तेच लिही. आणि 'कृपया' एकदाच लिही, तू चार वेळा लिहितोस."

अर्ज मी काल दिला. पोच मिळाली नाही. स्टेशनरीच्या बाई म्हणाल्या, पोच द्यायचं पुस्तक संपलंय, नवीन मागवायचं तर समितीची मंजुरी लागते. अर्ज असा:

*प्रति, माननीय अध्यक्ष, तुलना समिती.*

*विषय: घटना क्रमांक चार हजार तीनशे तेरा अस्तित्वात असल्याबाबत.*

*महोदय,*

*दिनांक मंगळवार रोजी सकाळी अकरा चाळीस वाजता मी, खाली सही करणारा, चाळीस संस्थांची गोपनीय उत्तरं चाळीस संस्थांना पाठवली. त्यांपैकी एका संस्थेने सहा मिनिटांत हे ओळखून मला कळवलं व त्याबद्दल तिचा शून्य पूर्णांक शून्य एक गुण कापण्यात आला. कापणारा मीच आहे. उरलेल्या एकोणचाळीस संस्थांनी काहीच कळवलं नाही व त्याबद्दल त्यांचे गुण जसेच्या तसे राहिले.*

*तरी समितीस विनंती आहे की सदर एकोणचाळीस संस्थांनी त्या दिवशी ती फाइल उघडली होती किंवा कसे, उघडली असल्यास ती आता कोणाकडे आहे, व नसेल माहीत तर का माहीत नाही, हे प्रत्येकीने आपल्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने लेखी कळवावं. आणि शेवटच्या संस्थेचं खरं उत्तर मिळेपर्यंत विमा कंपनीचा सुरक्षा विभाग त्याच जागी, त्याच चौघांसह, दार बसवून कृपया चालू ठेवण्यात यावा.*